कुत्र्याला परदेशी न्यायचंय? मग तिकिटाआधी सुई

दादाला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आलं त्या रात्री आमच्या नेरूळच्या घरात दोनच प्रश्न निघाले. आईने विचारलं, "थंडीचे कपडे कुठून घ्यायचे?" वहिनीने जेवणाच्या टेबलाखाली पसरलेल्या चिंचीकडे बघून विचारलं, "हिचं काय?" चिंची म्हणजे आमची २२ किलोची गावठी कुत्री, चार वर्षांची. सेक्टरच्या भाजीबाजारामागे पिल्लू असताना सापडलेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवड्यात मिळालं, दुसऱ्याला सहा महिने लागले. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, कारण दादा-वहिनी फेब्रुवारीतच निघून गेले आणि चिंची माझ्याकडे राहिली. नेरूळ, वाशी, खारघर, घोडबंदर रोड अशा भागांत ज्यांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपण माणसाची तारीख ठरवतो, तिकीट काढतो आणि मग कुत्र्याचं बघू म्हणतो. इथे गाडी उलटी चालते. कुत्र्याच्या रक्ततपासणीची तारीख आधी ठरते आणि विमानाची तारीख तिच्यावरून काढावी लागते.

न्यायचंच आहे का?

दोन-तीन आठवड्यांच्या सहलीसाठी कुत्र्याला परदेशी नेऊ नका. कागदं तीच, खर्च तोच, आणि कुत्र्याच्या वाट्याला आठ-दहा तास बंद पिंजरा. डोंबिवलीच्या आत्याकडे तो जास्त सुखात राहील. कायमचं किंवा काही वर्षांसाठी जाणार असाल तरच पुढचं वाचा. कुत्रा फार म्हातारा असेल, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत, कारण उष्णतेत आणि ताणात त्यांना श्वास पुरत नाही. तुमच्याकडे पग असेल तर पहिला फोन विमान कंपनीला करा.

कोणता देश, त्यावर सगळं

भारतात रेबीज आहे, त्यामुळे बहुतेक देश आपल्या कुत्र्यांकडे संशयानेच बघतात. पण प्रत्येकाचा संशय वेगळा.

युरोपियन युनियनच्या यादीत भारत 'न नोंदलेल्या' देशांत मोडतो. म्हणून मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट (लस रक्तात लागू पडली का, याची तपासणी) आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबणं, हा क्रम चुकवता येत नाही. क्वारंटाइन मात्र नाही. हे तीन महिने कुत्रा घरीच काढतो, हा त्यातला आनंदाचा भाग.

ब्रिटनचा क्रमही साधारण हाच, पण वर दोन अटी. तिथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरांकडून फीतकृमीचं औषध द्यावं लागतं आणि त्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी लागते. दुसरी अट जास्त जाचक आहे. विमानाने ब्रिटनमध्ये कुत्रा केबिनमध्ये किंवा तुमच्या सामानात येऊ शकत नाही, फक्त कार्गोने. म्हणून काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून, तिथून गाडी नाहीतर बोटीने पलीकडे जातात. लंडनला जाणाऱ्यांनी हा पर्याय खर्चाचा हिशेब मांडून तपासावाच. फीतकृमीची अट आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही आहे.

अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, चिप हवी आणि सीडीसी या त्यांच्या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. त्या फॉर्मला पैसे पडत नाहीत. भारत त्यांच्या 'जास्त धोक्याच्या' यादीत आहे. त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याची सही असलेलं लस आणि चिपचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय सीडीसीमान्य केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते आणि ते केंद्र ज्या शहरात आहे त्याच विमानतळावर उतरावं लागतं. न्यूयॉर्कचं जेएफके, अटलांटा, मायामी, लॉस एंजेलिस ही त्यांतली काही. कोणत्याही शहरात उतरून चालत नाही, त्यामुळे शिकागोचं स्वस्त तिकीट दिसलं तरी हात आवरा. टायटर टेस्टचा चांगला निकाल सोबत नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन, तेही तुमच्या खर्चाने. अमेरिकेसाठी रक्त पहिल्या लशीनंतर ३० दिवसांनी आणि प्रवेशाआधी किमान २८ दिवस काढलेलं हवं, म्हणजे युरोपपेक्षा प्रतीक्षा कमी.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट कुत्रा घेत नाहीत. आधी त्यांच्या मान्यताप्राप्त देशात राहायचं आणि तिथून जायचं. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान १० दिवस काढावे लागतात. जपानला दोन लशी, टायटर टेस्ट, रक्त काढल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना. दुबईला जायचं तर आयात परवाना आधी काढा, कुत्रा तिथे कार्गोनेच जातो, आणि पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन अशा काही जातींना प्रवेशच नाही.

जातीची भानगड जर्मनीतही आहे. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना तिथे आणायला कायद्यानेच बंदी आहे. गावठी कुत्र्याला ही काळजी नाही, पण डॉक्टर कागदावर जात काय लिहितात ते बघा. एकाने 'मिक्स', दुसऱ्याने 'इंडियन पॅरिया', तिसऱ्याने लाडाने 'लॅब क्रॉस' असं नको. पहिल्या दिवशी एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

आधी चिप, मग लस

इथेच आमचा महिना वाया गेला, म्हणून जरा थांबून सांगते.

चिंचीची वार्षिक रेबीज लस नोव्हेंबरमध्ये झाली होती. पुस्तिकेत नोबिवॅकचं स्टिकर, तारीख, सही, सगळं व्यवस्थित. जर्मनीचं नक्की झाल्यावर डिसेंबरमध्ये चिप बसवली आणि जानेवारीत रक्त काढून पाठवलं. रिपोर्टमधला आकडा उत्तम आला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. मग रविवारी दुपारी मी सगळे कागद पलंगावर मांडून बसले आणि दोन तारखांकडे बघून पोटात गोळा आला. लस नोव्हेंबरची, चिप डिसेंबरची. युरोपचा नियम असा की चिप बसवल्याच्या (किंवा वाचल्याच्या) दिवशी किंवा त्यानंतर दिलेली लसच मोजली जाते. चिपशिवाय ती लस नक्की कोणत्या कुत्र्याला दिली, याचा पुरावा नसतो. म्हणजे नोव्हेंबरची लस त्यांच्या लेखी झालीच नाही, आणि तिच्यावर काढलेलं रक्तही नाही. डॉक्टर म्हणाले, "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मला वाटलं होतं डॉक्टरांना माहीत असेल. चूक दोघांची, पैसे आमचे.

२९ जानेवारीला पुन्हा लस, २ मार्चला पुन्हा रक्त. रक्त ३० दिवसांनंतरच काढायचं म्हणून मी ३२ दिवस मोजले, एक-दोन दिवस जास्त असलेले बरे. तिथून ३ महिने, म्हणजे २ जूनच्या आधी चिंची युरोपात पाऊल ठेवू शकत नव्हती.

चिप ही तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि खांद्यांच्या मधे कातडीखाली जाते. सुई इंजेक्शनपेक्षा जाड असते, पण कुत्रा क्षणभर कुरकुरतो एवढंच. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी हवी. बसवायच्या आधी पाकिटावरच्या स्टिकरचा फोटो घ्या. बसवल्यावर डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा आणि पडद्यावरचा आकडा स्टिकरशी एक-एक अंक जुळवा. हा आकडा पुढे दहा ठिकाणी लिहिला जातो. कुठेतरी ३ चा ८ झाला की विमानतळावर तो कुत्रा तुमचा राहत नाही. मी आकडा तीन-तीनच्या पाच गटांत फोडून फोनमध्ये ठेवला होता आणि प्रत्येक कागद हातात आल्यावर जागच्या जागी जुळवत होते. रिसेप्शनवरची मुलगी वैतागली असेल, असो.

लशीच्या नोंदीत चिपचा क्रमांक, लशीचं नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि किती दिवस चालेल ती तारीख, एवढं हवंच. पिल्लाला ही लस १२ आठवड्यांच्या आधी दिली तर ती धरत नाहीत. म्हणजे युरोपला जाणारं पिल्लू हिशेबाने सात महिन्यांच्या आसपासच निघू शकतं.

रक्त

टायटर टेस्ट म्हणजे लशीमुळे रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशी ताकद तयार झाली की नाही याची मोजणी. आकडा मिलिलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त हवा. ही तपासणी कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत नाही. युरोपला जायचं तर युरोपियन कमिशनच्या यादीतली लॅब लागते, अमेरिकेला जायचं तर सीडीसीच्या यादीतली. फ्रान्समधल्या नान्सीची ॲन्सेसची लॅब आणि अमेरिकेतली कॅन्सस स्टेट विद्यापीठाची रेबीज लॅब ही यातली जुनी नावं. लॅब आधी निवडा, तिचा फॉर्म उतरवून घ्या आणि मगच डॉक्टरांकडे जा.

पाठवायचं असतं ते सीरम, नुसतं रक्त नाही. रक्त काढल्यावर ते गोठू द्यायचं, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, थंड ठेवायचं आणि नळीवर चिपचा क्रमांक लिहायचा. म्हणून सेंट्रिफ्यूज असलेला दवाखाना शोधा. आमच्या भागात दोन ठिकाणी नव्हतं, तिसऱ्या ठिकाणी मिळालं. सोमवारी किंवा मंगळवारी रक्त काढा, म्हणजे पार्सल शनिवार-रविवारी कुठल्या गोदामात अडकत नाही. कुरिअरवाल्याला आधी विचारा की तो प्राण्याचं सीरम घेतो का. सगळेच घेत नाहीत. फॉर्मवर रक्त काढल्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या, कारण तुमचे तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.

एक दिलासा आहे. युरोपसाठी ही तपासणी एकदाच करायची. नंतरची प्रत्येक बूस्टर लस वेळेत झाली तर तोच रिपोर्ट आयुष्यभर चालतो. एक दिवस जरी खंड पडला तर सगळं पहिल्यापासून. फोनमध्ये बूस्टरची आठवण एक महिना आधीची लावा.

पाच दिवसांचा फास

हा नियम मला सगळ्यात शेवटी कळला आणि त्याने घरात सगळ्यात जास्त वादळ उठवलं. युरोपात कुत्रा 'पाळीव' म्हणून जायचा तर मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मालकाने लेखी अधिकार दिला तर दुसरं कोणी त्याला घेऊन जाऊ शकतं, पण मालकाने पाच दिवसांच्या आत तो प्रवास करायलाच हवा. नाहीतर तो व्यापारी माल ठरतो आणि नियम, कागद, खर्च सगळं बदलतं. मालक म्हणजे दादा फेब्रुवारीत गेला होता, चिंची जूनमध्ये जाणार होती. मी मे महिन्यात आनंदाने स्वतःचा व्हिसा काढायचं बघत होते. शेवटी दादालाच परत यावं लागलं, चार दिवसांसाठी. आईने त्या चार दिवसांत त्याला काय काय खाऊ घातलं, तो वेगळा लेख होईल.

तुमच्या घरातलं एक माणूस आधी आणि दुसरं नंतर जाणार असेल, तर कुत्र्याची मालकी कागदावर नंतर जाणाऱ्याच्या नावाने ठेवा. चिपची नोंद, महापालिकेचा श्वान परवाना, लशीची पुस्तिका, सगळीकडे एकच नाव. आम्हाला हे आधी माहीत असतं तर वहिनी मागे थांबली असती. महापालिकेचा परवाना काढलेला नसेल तर तोही काढून टाका. परदेशी कोणी तो मागत नाही, पण तुमच्या नावाचा जुना पुरावा म्हणून फाइलमध्ये छान दिसतो.

विमान आणि पिंजरा

कुत्रा तीन वाटांनी जातो. पायाशी केबिनमध्ये, तुमच्याच विमानात खालच्या कप्प्यात जादा सामान म्हणून, नाहीतर स्वतंत्र कार्गो म्हणून. केबिनची मर्यादा युरोपच्या बऱ्याच कंपन्यांत पिशवीसकट ८ किलो. म्हणजे पॉमेरेनियन बसेल, चिंची नाही. जादा सामान हा मधला मार्ग मला सगळ्यात पटला, कारण कुत्रा तुमच्याच विमानात असतो आणि दर आधीच ठरलेला असतो. प्रत्येक विमानात प्राण्यांच्या जागा मोजक्याच असतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करून कुत्र्याची जागा नक्की करा आणि उत्तर ईमेलवर मागवा. शक्यतो थेट विमान घ्या. मधे विमान बदलायचं असेल तर त्या देशाच्या अटीही बघाव्या लागतात. मुंबईहून युरोपला जाणारी बहुतेक विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माणसाला ते कंटाळवाणं वाटतं, पण कुत्र्यासाठी थंडावा असतो.

कार्गोने जायचं तर एक गणित आधी करून बघा. तिथे वजन पिंजऱ्याच्या आकारमानावरून मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायची. चिंचीचा पिंजरा १०२ बाय ६९ बाय ७६, म्हणजे जवळजवळ ८९ किलो. कुत्री २२ किलोची, पैसे ८९ किलोचे. एजंटचा भाव ऐकून धक्का बसला तर त्यामागे बहुतेक हेच असतं. सगळे एजंट लुटतात असं मी म्हणणार नाही. लंडन किंवा दुबईला कार्गोने जायचं असेल तर चांगला एजंट उपयोगी पडतो. त्याच्याकडून कोणत्या कामाचे किती, हे फोडून लिहून घ्या. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला मालकासोबत जायचं असेल तर घरातल्या घरात जमतं.

पिंजऱ्याचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमाने काढायचं. कुत्र्याला भिंतीला टेकवून उभं करा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत पायाची उंची, खांद्यांची रुंदी आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत उंची, अशी चार मापं घ्या. पिंजऱ्याच्या आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची चौथ्या मापाएवढी, त्यात अंथरुणाची जाडी धरायची. चिंचीची मापं ७५, ३६, १९ आणि ६० सेंटिमीटर आली. म्हणजे आतली लांबी ९३ हवी. बाजारातला ४०० नंबरचा पिंजरा बाहेरूनच ९१ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चालतं, सगळे नेतात." दोन सेंटिमीटरने काउंटरवरून परत यायची माझी तयारी नव्हती. ५०० नंबर घेतला.

पिंजऱ्याचे दोन भाग धातूच्या नट-बोल्टने जोडलेले हवेत, प्लास्टिकच्या खटक्यांवर विसंबू नका. हवेची भोकं चारही बाजूंना. चाकं असतील तर काढून टाका. पाण्याची वाटी दाराला आतून अशी लावा की दार न उघडता बाहेरून पाणी ओतता येईल. तळाशी शोषून घेणारं अंथरूण. बाहेर 'जिवंत प्राणी' असं सांगणारं लेबल, वर कोणती बाजू ते दाखवणारे बाण, तुमचं नाव आणि दोन्ही देशांतले फोन. दाराला आणि कोपऱ्यांना झिप-टाय लावायचे, पण सुरक्षा तपासणी झाल्यावर. जादा झिप-टाय आणि कात्री पोचवायला येणाऱ्याकडे ठेवा, कात्री प्रवाशाकडे चालत नाही.

पिंजरा दोन महिने आधी आणा. पहिला आठवडा नुसतं वरचं झाकण काढून खालचं टोपलं हॉलमध्ये ठेवा आणि जेवण त्यातच द्या. चिंची पहिले तीन दिवस मान लांब करून, मागचे पाय बाहेर ठेवून जेवत होती, जणू आत पाय टाकला तर बिल येईल. मग झाकण, मग दार, मग दार बंद करून पाच मिनिटं, अर्धा तास, रात्रभर. नंतर पिंजऱ्यासकट गाडीतून पाम बीच रोडवर फेऱ्या. इमारतीतल्या लोकांना वाटलं आम्ही रोज घर बदलतोय. या मेहनतीतून एकच गोष्ट मिळवायची आहे, पिंजरा ही शिक्षा वाटू नये. गुंगीचं औषध देऊ नका. ते दिल्यावर हवेत श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतला कुत्रा विमान कंपन्या परत पाठवतात.

सरकारी सही

निघण्याच्या आदल्या आठवड्यात ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसकडून निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं. ही केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाची यंत्रणा, मुंबईतही तिचं केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन, मग दिलेल्या वेळेला कुत्र्यासकट हजर. सोबत मालकाचा पासपोर्ट, तिकीट, लशीची पुस्तिका, चिपचं प्रमाणपत्र, टायटरचा रिपोर्ट आणि आपल्या डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र. डॉक्टरांच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा.

युरोपचा नमुना वेगळा असतो. तो इंग्रजी आणि जिथे उतरणार त्या देशाच्या भाषेत हवा, आणि त्यावर सरकारी पशुवैद्याची सही आणि शिक्का. सही आणि शिक्क्याचा रंग छपाईपेक्षा वेगळा असावा लागतो, म्हणून निळं पेन स्वतः घेऊन जा. सही झाल्यापासून १० दिवसांत युरोपात पोचायला हवं. एकदा आत गेलात की तोच कागद पुढे काही महिने युरोपात फिरायला चालतो. मी नमुना आधीच टाइप करून नेला होता. अधिकाऱ्यांनी दोन ओळी दुरुस्त करायला सांगितल्या, म्हणून पेनड्राइव्ह आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता असलेला बरा. चिंचीने तिथल्या शिपाईकाकांचा डबा हुंगला, एवढंच काय ते वादग्रस्त घडलं.

निघायची रात्र

५०० नंबरचा पिंजरा सेडानच्या डिकीत जात नाही. आम्ही सहा आसनी गाडी मागवली, मागची सीट पाडली आणि तरी पिंजऱ्याचे दोन भाग सुटे करून एकात एक बसवले. बोल्ट एका डबीत, पाना खिशात. सायन-पनवेल हायवे, वाशीचा खाडीपूल, चेंबूर, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड आणि सहार. ठाण्याहून येणाऱ्यांना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पुढे जेव्हीएलआर. उलव्याचं नवी मुंबई विमानतळ घराजवळ आहे म्हणून जीव सुखावतो, पण कुत्र्याला घेऊन जाणारं तुमचं विमान कुठून सुटतं तेच बघायचं. जूनमध्ये पाऊस सुरू झालेला असतो, एखादा सबवे तुंबतो, म्हणून दोन तास जास्तीचे धरा. आम्ही विमानाच्या पाच तास आधी पोचलो आणि ते लागलेच.

शेवटचं जेवण उड्डाणाच्या पाच-सहा तास आधी, तेही हलकं. पाणी बंद करू नका. वाटीत पाणी भरून आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवलं तर वाटेत सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. विमानतळाच्या बाहेर भरपूर फिरवून घ्या. तपासणीला रिकामा पिंजरा यंत्रातून जातो आणि कुत्रा तुमच्या हातात असतो. हार्नेस घट्ट हवा आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली. गोंधळात सुटलेला कुत्रा सहारला शोधणं काय असेल, याचा विचारही नको. आत वहिनीचा न धुतलेला टीशर्ट ठेवला होता, तो दादाने खास तिकडून आणलेला. झिप-टाय लावले, आईने "जा गं बाई नीट" म्हटलं आणि ट्रॉली वळली. चिंची भुंकली नाही. तिने फक्त एकदा कान फिरवला.

उतरल्यावर

विमानातून बाहेर पडल्यावर मोठा पिंजरा पट्ट्यावर येत नाही. मोठ्या सामानाच्या काउंटरवर किंवा प्राण्यांच्या विभागात मिळतो, तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. बाहेर पडताना कस्टमच्या लाल वाटेने जायचं आणि स्वतःहून सांगायचं. चिप वाचतात, कागद बघतात. दादाला चाळीसएक मिनिटं लागली. गावात स्थिरावल्यावर जर्मनीत महापालिकेकडे कुत्र्याची नोंद करून कर भरावा लागतो, हुंडेस्टॉयर म्हणतात त्याला. तिथल्या पशुवैद्याकडून युरोपचा पेट पासपोर्ट करून घ्या आणि टायटरच्या रिपोर्टची नोंद त्यात करायला सांगा. पुढे भारतात येऊन परत जायचं झालं तर तो कामाला येतो.

परतीचा मार्ग मात्र कमी लोक बघतात. भारतात कुत्रा आणायला त्याच क्वारंटाइन यंत्रणेची ना हरकत लागते, आणि मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. परदेशी बराच काळ राहून कायमचे परतणाऱ्यांना ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सखाली दोन पाळीव प्राणी सामानासोबत आणता येतात. सुट्टीवर येणाऱ्याला ती सवलत गृहीत धरता येत नाही. म्हणून इथून जाताना मिळालेलं निर्यातीचं प्रमाणपत्र फेकू नका. हा कुत्रा मुळात इथलाच, याचा तो सरकारी पुरावा आहे. चिंचीच्या प्रमाणपत्राची एक प्रत दादाकडे आहे, दुसरी आमच्या गोदरेजच्या कपाटात, आईच्या एलआयसीच्या कागदांखाली. तिची पुढची बूस्टर २९ जानेवारीच्या आत आहे. मी दादाला डिसेंबरपासूनच आठवण करायला लागणार आहे.